कारवानी कुत्रं नागपुरात सांभाळताना : स्वभाव, खाणं, उन्हाळा आणि "उपाशी ठेवता का हो?"

बेसाची सून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमच्याकडे कारवानी जातीची मादी आहे, हरणी. एप्रिलमधला जन्म, म्हणजे आता दहा महिन्यांची. लातूरकडे माझ्या मावसभावाच्या शेतावरची कुत्री व्याली होती, त्यातली ही. जुलैत आणली तेव्हा सगळा रस्ता माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती. बेसा भागात आमचं स्वतःचं घर आहे, भिंतीचं कुंपण आहे आणि बाजूचे दोन प्लॉट अजून रिकामेच आहेत.

परवा संध्याकाळी तिला फिरवत होते. एका अनोळखी काकूंनी गाडी थांबवली, खाली उतरल्या आणि सगळ्या लेआउटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खायला देत नाही का हो हिला? बरगड्या मोजता येतात! झेपत नाही तर पाळता कशाला?" मला काही बोलताच आलं नाही. घरी येऊन रडले.

हरणी सकाळी दोन अंडी, दूध न घातलेली ज्वारीची भाकरी आणि दही खाते. संध्याकाळी उकडलेलं चिकन, भात, थोडा लाल भोपळा. पोट भरलं की भांड्यात राहिलेलं तसंच सोडून जाते. वजन 19 किलो. शेवटच्या तीन बरगड्या उन्हात स्पष्ट दिसतात, कमरेची दोन हाडं वर आलेली आहेत आणि पोट असं आत गेलंय की सासूबाई रोज म्हणतात, "माय, हिच्या पोटात काही राहतच नाही."

दुसरं म्हणजे तिचा स्वभाव. घरातल्या चौघांवर जीव टाकते. सासऱ्यांच्या पायाशी तासन् तास बसेल. पण पाहुणे आले की दिवाणाखाली जाते ती ते गेल्याशिवाय बाहेर येत नाही. कुणी हात लावायला गेलं की अंग चोरते. माझं काही चुकतंय का?

आणि पुढच्या महिन्यापासून ऊन तापणार. तिचा हा पहिलाच नागपूरचा उन्हाळा. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

गणेशपेठ
ताई, रडू नका. आमच्या शेजाऱ्यांकडे आहे असाच एक, त्यांनाही हेच ऐकावं लागतं. जातच तशी आहे.

माळरान
ताई, तुमचं काही चुकत नाहीये. सविस्तर लिहितो, कारण या कुत्र्याबद्दल मला मनापासून बोलायचं असतं आणि ऐकणारं माणूस क्वचित भेटतं.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. नोकरीनं नागपुरात येऊन चौदा वर्षं झाली. घरात लहानपणापासून कारवानीच पाहिली, सध्या माझ्याकडे आहे ती आमच्याच कुत्रीची नात.

बरीचशी शिकारी कुत्री वासावर जातात, हे डोळ्यावर जातं. माळावर दोन शेतांपलीकडे ससा हलला की याला दिसतो आणि दिसल्याक्षणी हे सुटतं. त्याचं सगळं शरीर त्या दोन-तीन मिनिटांच्या पळण्यासाठी घडलंय. छाती खोल, कारण आत मोठं हृदय आणि मोठी फुप्फुसं. पोट आत, कारण पळताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन पडतात, तिथे मध्ये पोट लोंबत असेल तर चालेल कसं? भरधाव असताना एका ढांगेत दोनदा याचे चारही पाय जमीन सोडतात, एकदा अंग गोळा झालेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. चित्ता असाच पळतो. मोकळ्या मैदानात हरणीला एकदा नीट बघा. ते बघितल्यावर बरगड्यांकडे लक्षच जाणार नाही तुमचं.

आकारानं हे मध्यम कुत्रं. पूर्ण वाढ झाल्यावर वजन साधारण 20 ते 28 किलो, मादी त्यातल्या खालच्या बाजूला. मात्र पाय लांब असल्यानं खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास भरतं, म्हणून लोकांना मोठं वाटतं. लॅब्रॅडॉर याच्यापेक्षा बुटका, पण वजनानं भारी. लोकांच्या डोळ्यांना लॅब्रॅडॉरच्या पाठीची सवय झालीय, त्यात हे बसत नाही.

कारवान म्हणजे तांडा. इराण, मध्य आशियाकडून व्यापारी आणि सैनिक तांड्यांनी आले, त्यांच्याबरोबर सालुकीसारखी कुत्री दख्खनेत आली, ती इथल्या मातीत रुळली आणि त्यातून ही जात झाली असं मानतात. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला कोरडा माळ हा हिचा मुलूख. आमच्याकडे शेळ्या-मेंढ्या वळणाऱ्याकडे, शेतकऱ्याकडे हीच असायची. कानाला, शेपटीला, पायांना रेशमासारखे लांब केस असलेली असतात त्यांना पश्मी म्हणतात.

आता स्वभाव. हे कुत्रं घराचं असतं, गल्लीचं होत नाही. परक्याचा हात त्याला आवडत नाही, आणि त्यात घाबरटपणा असतोच असं नाही. गावाकडे आम्ही म्हणायचो, कारवानी ओळख मागून घेतं, देऊन टाकत नाही. पाहुण्यांना सांगा, तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, खाली बसून आपापल्या गप्पा मारा. दिवाणाखालून ओढून काढायचं तर अजिबात नाही. एक दिवस ती आपणहून येईल, मागून पायाचा वास घेईल आणि निघून जाईल. पुढच्या खेपेला जवळ बसेल. ओरडून, मारून शिकवायला गेलात तर हे कुत्रं कायमचं मिटतं. माझ्या वडिलांनी एकदा रागाच्या भरात आमच्या राणीला चप्पल फेकून मारली होती. लागलीही नाही तिला. त्यानंतर चार महिने ती त्यांच्या हातून खात नव्हती.

काटोल रोडचा बागवाला
राजेहो, मले एक सांगा. माझी काटोलकडे संत्र्याची बाग आहे. रात्री राखणीले असं कुत्रं ठेवावं म्हणतो. मोबाईलवर जाहिराती येतात, "भारतातील सर्वात खतरनाक कुत्रा". खरं आहे का? दिवसा बांधून ठेवायचं, रात्री सोडायचं, असं जमते का?

माळरान
भाऊ, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. घेऊ नका. हे कुत्रं साखळीला बांधलं की खराब होतं. अंगानं वाळतं आणि डोक्यानं चिडकं होतं, कारण पळणं हाच त्याचा जीव आहे. रात्री मोकळं सोडलंत तर ससा, रोही जे दिसेल त्याच्या मागे दोन-चार किलोमीटर जाईल, मग बागेत राखणीला कोण? शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाचीही शिकार गुन्हा आहे. कुत्र्यानं मारला तरी निस्तरावं मालकालाच लागतं.

बिबट्याचाही विचार करा. जंगलाला लागून असलेल्या शेतात रात्री बाहेर असलेलं कुत्रं त्याला सगळ्यात सोपं पडतं. तुमच्या वाडीवरच्या गावठी कुत्रीची दोन पिल्लं घरच्यासारखी वाढवा आणि रात्री खोलीजवळ आत घ्या. भुंकायला ती यापेक्षा कितीतरी चांगली. कारवानी मुळात कमी भुंकतं.

काटोल रोडचा बागवाला
समजलं भाऊ. बरं झालं विचारलं. बिबट्याचं तर डोक्यातच नव्हतं.

मुके पेशंट
मी पशुवैद्यक आहे, सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातून शिकले, आता स्वतःचा दवाखाना आहे. हरणीला न तपासता अंतिम काही सांगणार नाही, पण घरच्या घरी बघता येईल असं सांगते.

साइटहाउंड, म्हणजे डोळ्यावर शिकार करणाऱ्या कुत्र्यात शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. मांडीला हात लावून बघा. मांडी घट्ट आणि भरीव लागली, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाच्या पट्ट्या हाताला लागल्या, अंगावर चमक असली, तर ती बारीक आहे, उपाशी नाही. उलट मांडी पोकळ लागली, कण्याचे मणके सुटे सुटे दिसायला लागले, केस रुक्ष झाले तर मला काळजी वाटेल. मग विष्ठा तपासून जंत बघायचे आणि रक्त तपासून गोचिडाचा ताप बघायचा. आपल्याकडे एर्लिकिया आणि बेबेसिया, दोन्ही गोचिडातून पसरतात. ताप, खाणं कमी होणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. लोक पाठीवर गोचीड शोधतात आणि ते कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी बसलेले असतात.

हरणीची नसबंदी करणार असाल तर हा परिच्छेद डॉक्टरांना दाखवा. या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते. थायोपेन्टोनसारखं जुन्या पद्धतीचं भुलीचं औषध स्नायूंत आणि चरबीत मुरतं आणि मग हळूहळू उतरतं. चरबीच नसेल तर ते रक्तात जास्त राहतं, आणि ग्रेहाउंडच्या वळणाच्या जातींचं यकृतही ते सावकाश मोडतं. त्यामुळे कुत्रं तासन् तास शुद्धीवर येत नाही. आता दुसरी सुरक्षित औषधं आहेत. "ही साइटहाउंड आहे" एवढं आधी सांगितलंत की डॉक्टर तसं नियोजन करतात. ऑपरेशनच्याच दिवशी काट्यावर वजन करून घ्या, अंदाजानं सांगू नका. आणि सोबत ब्लँकेट न्या. चरबी नसल्यानं भुलीत यांचं अंग फार पटकन गार पडतं.

पोस्टाची तिकिटं
धाग्याच्या नावाबद्दल थोडं. कारवानी की मुधोळ? केनेल क्लब ऑफ इंडियाच्या पुस्तकात कॅरॅव्हन हाउंड आहे, कर्नाटकात मुधोळ म्हणतात. कुत्रं एकच. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं घोरपड्यांचं संस्थान. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात हौसेनं वाढवली आणि इंग्लंडला राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, त्यावरून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. आजही मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथे ही जात जपण्याचं काम चालतं.

पोस्टानं 2005 मध्ये चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली होती : हिमालयन शीप डॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापालयम. माझ्याकडे चारही आहेत. 2016 मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. मग ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींबरोबर मुधोळचं नाव घेतलं आणि मागणी एकदम वाढली. जात लोकांना कळली याचा आनंदच आहे. वाईट याचं वाटतं की ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लं सर्रास "शुद्ध मुधोळ" म्हणून विकली जातायत. पैसे मोजण्याआधी पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा. आई दाखवत नसतील तर परत फिरा.

महालकर
माळरान आणि डॉक्टर मॅडमनी सगळं लिहिलंय, पण पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही. तो माझा घाव आहे, म्हणून लिहितो.

आमचा वारू तेव्हा दीड वर्षाचा होता. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मी त्याला नेहमीसारखा फिरवून आणत होतो. मारबतीची मिरवणूक अजून लांब होती, पण एका गल्लीतून अचानक ढोल सुरू झाला. वारूनं मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकला, आणि माझ्या हातात रिकामा पट्टा राहिला. बकल लावलेलं होतं तसंच होतं. कारवानीचं डोकं मानेइतकंच अरुंद असतं, साधा पट्टा टोपीसारखा निघून येतो. हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मागे धावलो, ती दुसरी चूक. आपण धावलो की ते आणखी लांब जातं. दीड दिवस आम्ही सगळे शोधत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गांधीसागर तलावाच्या भिंतीपाशी एका चहावाल्याला दिसला. माझी बायको तिथे जाऊन जमिनीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून, मांडीवर माझा न धुतलेला शर्ट घेऊन. वीस मिनिटांनी तो आला आणि तिच्या काखेत डोकं घालून थरथरत उभा राहिला. मागच्या मांडीची कातडी वीतभर फाटली होती. यांची कातडी कागदासारखी पातळ असते, तारेला, बाभळीच्या काट्याला लगेच फाटते. नऊ टाके पडले.

मार्टिंगेल पट्टा घ्या. ओढला की थोडासा आवळतो, सोडला की सैल होतो, गळा दाबत नाही. किमान दोन इंच रुंद. पट्ट्याला फोन नंबर शिवून घ्या. आणि कुंपण नसेल तिथे कितीही शहाणं असलं तरी मोकळं सोडू नका. समोर खार पळाली की याला आपली हाक ऐकूच येत नाही.

बेसाची सून
सगळ्यांचे किती आभार मानू! डॉक्टर मॅडम, मांडी घट्ट आहे, आत्ताच हात लावून बघितली. केस पण चमकतात. सासूबाईंना तुमची पोस्ट वाचून दाखवली. त्या म्हणतात मांडीचं पटलं, पण भाकरीवर तूप द्यायचंच. आमचा पट्टा साधाच आहे, महालकरदादा, उद्याच बदलते.

खाण्यात अजून काय द्यावं? सासरे लपून सावजीतले मटणाचे तुकडे देतात.

मुके पेशंट
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि सावजी आजपासून बंद. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि शिजवलेलं हाड टोकदार फुटून आतड्यात रुततं. फोडणीचं वरणही नको. त्यांना द्यायचंच असेल तर उकडलेल्या चिकनचे बिनहाडाचे तुकडे वेगळ्या डब्यात त्यांच्याच हाताशी ठेवा, म्हणजे त्यांचा लाडही चालू राहील. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट घरात उघड्यावर नको.

तुपाला हरकत नाही, छोटा चमचा. खाण्यात ज्वारी-भात कमी करून अंडी-चिकन थोडं वाढवा. खाल्ल्यावर किमान दोन तास पळवू नका. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर हातात थोडेच तास असतात.

माळरान
उन्हाळ्याचं राहिलं होतं. अंगावर केस कमी, त्यामुळे हस्की किंवा सेंट बर्नार्डपेक्षा हे नागपुरात नक्कीच सुखी. पण पारा 45 च्या वर जातो तेव्हा कुणीच सुखी नसतं. एप्रिलपासून मी पहाटे पाचला बाहेर काढतो, पळणं दहा मिनिटं, साडेसहाच्या आत घरी. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर तळहात ठेवून बघायचा, पाच अंक मोजेपर्यंत ठेवता आला नाही तर तिचे पायही ठेवायचे नाहीत. नवतपात, म्हणजे मे अखेरीपासूनच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी कूलरच्या खोलीतच, पण थेट झोतात नको. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट होतं आणि जीभ बाहेर काढून अंग थंड करण्याची त्यांची सगळी धडपड वाया जाते.

पळून आल्यावर धाप पंधरा मिनिटांत बसली नाही, लाळ दाट झाली, जीभ विटेसारखी लाल दिसली, चाल लडखडली, तर उष्माघात समजा. नळाचं साधं पाणी पोटाखाली, काखेत, मांड्यांत ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं दवाखान्यात न्या.

थंडी विसरू नका. डिसेंबरच्या पहाटे आमची कुडकुडते. जुन्या शालीची झूल शिवलीय तिला. झोपायला जाड गादी लागते, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात.

बेसाची सून
धागा वर काढतेय. आज जून संपत आला, काल पहिला जोरदार पाऊस झाला, म्हटलं सगळ्यांना कळवावं.

हरणीचं ऑपरेशन मार्चात झालं. आधी ज्या दवाखान्यात विचारलं तिथे "सगळ्या कुत्र्यांना एकच भूल देतो" म्हणाले, तिथून परत आले. दुसऱ्या डॉक्टरांनी मॅडमची पोस्ट पूर्ण वाचली, दोन प्रश्न विचारले, रक्त तपासलं आणि मग तारीख दिली. दोन ब्लँकेट नेली होती. तासाभरात तिनं मान उचलली, माझ्याकडे बघून शेपटीचं फक्त टोक हलवलं.

नवतपा कूलरच्या खोलीत काढला. पहाटे पाचला मी आणि सासरे दोघं जातो. बाजूच्या दोन्ही प्लॉटच्या मालकांना विचारून आम्ही हिरवी जाळी लावून घेतली, तिथे ती मोकळी पळते. सासऱ्यांचा गुडघा दुखायचा, आता त्यांना मी उठवावं लागत नाही, तेच मला उठवतात. वजन 21 किलो. सावजी बंद, सासरे डबा घेऊन बसतात.

आणि त्या काकू परत भेटल्या. या वेळी मीच थांबले. माळरानदादांनी लिहिलेलं छाती-पोटाचं जमेल तसं सांगितलं, मांडीला हात लावायला नाही सांगितलं, कारण ते हरणीनं चालू दिलं नसतं. त्या जाळीबाहेर उभ्या राहिल्या. मी पट्टा सोडला. हरणीनं दोन्ही प्लॉटला तीन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला वळताना चिखल उडून काकूंच्या साडीवर गेला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या येऊ का गं नातवाला घेऊन?"

महालकरदादा, तो दोन इंची पट्टा आता तिला घट्ट होतोय. तुम्ही कुणाकडून करून घेतला होता?

महालकर
इतवारीत एक जण चामड्याचे पट्टे मापानं शिवून देतात, दुकानाला पाटी नाही. मानेचं माप कानांच्या लगेच मागे घ्या, खाली खांद्याजवळ नाही. शनिवारी तिकडे जाणारच आहे, माप इथेच कळवा, आणतो.